सरकारी रोखा लाल रंगात कसा काय? वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की आमच्याकडे भरीत पार्ट्या सुरू होतात. मागच्या आठवड्यात आसोद्याकडे एका मळ्यात गेलो होतो, काड्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललेलं, आणि तिथेही एक जण हात धुता धुता कानाशी येऊन विचारतो, "भाऊ, मार्केट कुठपर्यंत जाईन?" मला नाही माहीत हो. तीस वर्षं बँकेत काढली, कर्जाच्या फायली बघितल्या, थोडं स्वतःच्या पैशाने शिकलो आणि थोडं स्वतःचे पैसे घालवून. मी सेबीकडे, म्हणजे शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, रजिस्टर असलेला सल्लागार नाही, त्यामुळे अमुक घ्या तमुक विका हे इथे मिळणार नाही. पण ही गोष्ट चालते कशी एवढं नक्की सांगू शकतो.

प्रश्न : मी पारोळ्याचा निवृत्त शिक्षक. मुलाच्या सांगण्यावरून मे २०२५ मध्ये ५ लाख रुपये गिल्ट फंडात टाकले. त्यात फक्त सरकारी रोखे असतात, सरकार काही बुडत नाही, असं तो म्हणाला. ऑगस्टअखेर बघतो तर ४ लाख ८८ हजार, ते पण लाल रंगात. वरून रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी केल्याचं पेपरात वाचलं. मग सरकारने माझे पैसे कापले का?

उत्तर : गुरुजी, सरकारने एक रुपया कापला नाही. तुमच्या फंडाकडे जे रोखे आहेत त्यांचं व्याज वेळेवर येतंय आणि मुदत संपली की मुद्दलही येईल. घसरला तो भाव. आणि सरकारी रोख्यालाही, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या चिठ्ठीलाही, रोजचा भाव असतो हेच कोणी तुम्हाला सांगितलं नाही.

असं समजा, तुम्ही गावातल्या ऑइल मिलवाल्याला १०० रुपये दिले, १० वर्षांसाठी, ७ टक्क्याने. त्याने चिठ्ठी लिहून दिली, दरवर्षी ७ रुपये देईन आणि दहाव्या वर्षी १०० परत. माणूस एकदम चोख, बुडवायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी तोच मिलवाला तसल्याच चिठ्ठीवर दुसऱ्याला ८ टक्के द्यायला लागला. आता तुम्हाला नड आली आणि तुमची ७ वाली चिठ्ठी विकायला तुम्ही बाजारात आलात, तर १०० ला कोण घेईल? समोर ८ वाली आहे ना. मग गिऱ्हाईक म्हणतो, गुरुजी थोडं कमी करा. किती कमी, तर हिशोब केला तर साधारण ९३ रुपये, कारण ९३ ला घेतली की वर्षाचे ७ रुपये आणि शेवटी वरचे ७ रुपये धरून त्याला पण ८ टक्केच पडतात. आणि उलट, मिलवाला ६ टक्क्यावर आला तर तुमच्या ७ वाल्या चिठ्ठीला लोक १०७ देतील. चिठ्ठी तीच आणि मिलवालाही तोच, भाव मात्र ९३ पण होतो आणि १०७ पण.

आता त्याच चिठ्ठीचं एकच वर्ष उरलंय असं धरा. दर ८ झाला तरी तिचा भाव ९९ च्या आसपासच राहतो, एका वर्षाने १०७ हातात येणारच आहेत, रुसायला वेळच कुठे आहे. म्हणजे मुदत जितकी लांब तितका हेलकावा मोठा. फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये 'मॉडिफाइड ड्युरेशन' नावाचा एक आकडा असतो, तो शोधा. तो १० असेल तर बाजारातला दर १ टक्का वाढल्यावर फंड साधारण १० टक्के खाली येतो, आणि दर घटला तर तेवढाच वर जातो. हा एक आकडा बघायची सवय लागली तर अर्धी फसगत वाचते, पण मोबाईलवर तो कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतो आणि वर मोठ्या अक्षरात मागच्या वर्षाचा परतावा.

राहिला रेपोचा प्रश्न. तो बरोबर विचारलात, कारण टीव्हीवाले पण इथेच गोंधळ घालतात. ६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो ६ वरून साडेपाचवर आणला, म्हणजे तुमच्या हिशोबाने रोखे वर जायला पाहिजे होते. पण रेपो म्हणजे बँका रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या दिवसांसाठी पैसे उचलतात तो दर. १० वर्षांच्या, ३० वर्षांच्या रोख्याचा दर रिझर्व्ह बँक जाहीर करत नाही, तो बाजार ठरवतो आणि बाजार नेहमी पुढचं बघतो. फेब्रुवारीपासून कपात चालूच होती, ती भावात आधीच मुरलेली, आणि त्याच दिवशी बँकेने आपली भूमिका 'न्यूट्रल' केली, म्हणजे आता पुढे फार कापायला जागा नाही असा अर्थ लोकांनी काढला. मग पुढच्या दोन-तीन महिन्यात लांब मुदतीच्या रोख्यांचं यील्ड, म्हणजे बाजारातला दर, उलट वर गेलं आणि भाव खाली आले. कापूस नाही का, फरदड संपायच्या आत व्यापाऱ्याने पुढच्या हंगामाचा अंदाज बांधलेला असतो, तसं.

आता करायचं काय. पैसे पाच-सात वर्षं लागणार नसतील तर राहू द्या, वाढलेल्या दराचा फायदा फंडालाही हळूहळू मिळतोच. दोन वर्षात घराचा स्लॅब टाकायचा असेल तर मात्र ही जागा त्या पैशाची नव्हतीच, तो पैसा कमी मुदतीच्या ठिकाणी हवा. आणि भाव बघून बीपी वाढत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' वर स्वतःच्या नावाने खातं उघडा, नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे, खात्याला पैसे पडत नाहीत आणि १० हजारापासून सरकारी रोखा घेता येतो. तो मुदतीपर्यंत धरला की मधले भाव बघायचे पण नाहीत. फंडाला अशी शेवटची तारीख नसते, तो जुने रोखे विकून नवे घेतच राहतो, हा फरक लक्षात ठेवा. आणि मुलाला रागावू नका, तो खोटं नाही बोलला, अर्धंच बोलला. एक मात्र विचारतो, पोस्टातली सिनियर सिटीझन स्कीम भरली का? तिची मर्यादा आता ३० लाख आहे. आधी ती भरायची, मग गिल्टफिल्ट.

प्रश्न : माझा नंदुरबारला मिरचीचा धंदा आहे. ५ रुपयाला एक शेअर मिळत होता, स्वस्त वाटला म्हणून १० हजार घेऊन टाकले. मित्र म्हणतो त्यापेक्षा २००० रुपयाचा एक घ्यायचा होता. एवढा महाग कशाला घ्यायचा?

उत्तर : शेठ, तुम्ही मिरची कधी पोत्यावर भाव लावून घेता का? किलोवर लावता, वर ओली किती, फटकी किती ते हात घालून बघता. मग इथे काय झालं?

शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी. त्या कागदाला किती रुपये पडतात याला काही अर्थ नाही, त्या कागदामागे कमाई किती आहे याला अर्थ आहे. ५ रुपयाच्या शेअरमागे कंपनी वर्षाला ५ पैसे कमवत असेल तर तुम्ही कमाईच्या १०० पट पैसे मोजले. २००० वाल्याच्या मागे वर्षाला १०० रुपये कमाई असेल तर तो २० पटीला मिळाला. मग सांगा, महाग कोणता? यालाच ते पीई म्हणतात, शेतीच्या भाषेत सांगायचं तर १५ लाखाचं एकर आणि त्याचा खंड वर्षाला ३० हजार, म्हणजे ५० पट. आपल्याकडे जमिनीचे भाव ऐकून कोणी हा भागाकार करत नाही, ती गोष्ट वेगळी, जमीन म्हणलं की हिशोब घरी ठेवून जायचा असा आपला रिवाज आहे.

पण पीई कमी दिसला म्हणून लगेच उडी मारू नका, कमाई यंदा चुकून वाढलेली असू शकते, कंपनीने एखादी जागा विकून नफा दाखवलेला असू शकतो. कर्ज किती आहे बघा, आणि प्रमोटरने, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकाने, आपले शेअर गहाण ठेवलेत का तेही बघा, ही माहिती एक्सचेंजच्या साईटवर फुकट असते. तुमच्या ५ रुपयावाल्याचं हे सगळं तपासा, आणि विकायला गेल्यावर गिऱ्हाईक आहे का तेही बघा, कारण असले बरेच शेअर घेताना पटकन मिळतात आणि विकताना रोज लोअर सर्किट लागलेलं असतं, म्हणजे भाव त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकलेला आणि घेणारा कोणी नाही.

प्रश्न : बातम्यांत म्हणे सेन्सेक्स ५०० ने वाढला, माझे दोन्ही शेअर त्याच दिवशी पडले. असं का? (एक गृहिणी, भुसावळ)

उत्तर : ताई, सेन्सेक्समध्ये फक्त ३० कंपन्या आहेत आणि त्यातही मोठ्या कंपन्यांचं वजन जास्त, एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय बँक असल्या चार-पाच जणांनी जोर लावला की आकडा वर. बाजारात कंपन्या हजारोंनी आहेत. बोर्डावर केळीचा भाव चढला म्हणून करपा पडलेल्या घडाला तो भाव मिळत नाही ना, तसंच. आणि ५०० हा आकडा ऐकून दचकू नका, १९७८-७९ ला १०० धरून हे मोजमाप सुरू झालं, २०२५ मध्ये ते ऐंशी हजाराच्या घरात होतं, तिथे ५०० म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नेहमी टक्के बघा. दोनच शेअर घेऊन सेन्सेक्सकडे बघत बसण्यापेक्षा त्याच ३० किंवा निफ्टीच्या ५० कंपन्या एकत्र घेणारा इंडेक्स फंड असतो, खर्चही कमी, त्यात महिन्याला थोडे थोडे टाकले तर निदान बातम्या आणि तुमचं खातं एका दिशेने चालतील.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळी आहे. यंदा वादळ आलं नाही, भावही सापडला, खर्च जाऊन ६ लाख हातात आहेत. मोबाईलवर एक अ‍ॅप साडेअकरा टक्क्याचे 'सिक्युअर्ड बॉण्ड' दाखवतं. बँक तर एवढं देत नाही. तीन वर्षांनी मुलीचं लग्न आहे. सगळे टाकू का?

उत्तर : नका टाकू दादा. सगळे तर नकाच.

सांगतो का ते. माझ्या आईने, वडिलांच्या फंडाचे आलेले पैसे, जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. बाहेर काचेवर लाल अक्षरात १३ टक्के लिहिलेलं, आत एसी, गेल्यावर चहा. मी स्वतः बँकेत, आणि मी पण म्हणालो ठीक आहे, ओळखीची माणसं आहेत. पुढे एक दिवस शटर अर्ध्यावर दिसलं आणि बाहेर बायका पासबुक घेऊन उभ्या. आईचं पासबुक अजून कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, व्याजाची शेवटची एंट्री निळ्या शाईची. खान्देशात असली पासबुकं घरोघरी निघतील. तेव्हा कुणी मला एवढंच विचारलं असतं की बँक ८ देते मग हे १३ कुठून देतात, तरी पुरे होतं.

बॉण्ड म्हणजे उधारी. कंपनीला कर्ज देणारे तुम्ही. आणि जी कंपनी तुम्हाला साडेअकरा द्यायला तयार आहे तिला बँक त्यापेक्षा स्वस्तात देत नाहीये, हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. जास्तीचे टक्के ही त्या जोखमीची किंमत. सगळ्या बुडतात असं नाही, बहुतेक फेडतातही, पण एकाच कंपनीत ६ लाख म्हणजे सगळी केळी एकाच बांधावर लावल्यासारखं, वारं आलं की आडवी. 'सिक्युअर्ड' म्हणजे काहीतरी तारण आहे, पण ते विकून पैसे यायला किती वर्षं लागतील ते त्यात लिहिलेलं नसतं. मी असली तारणं बघितलीत, गंजलेली मशिनरी आणि कोर्टाची तारीख.

रेटिंग, म्हणजे कंपनीच्या पतीला दिलेले गुण, बघा, पण रेटिंगवर डोळे मिटून विसंबू नका. आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीच्या कागदांना सर्वात वरचं रेटिंग होतं आणि २०१८ मध्ये हप्ते चुकले. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४०० कोटींच्या वरचे एटी-१ बॉण्ड थेट शून्य केले गेले, त्यात एफडीसारखंच आहे असं ऐकून पैसे टाकलेले निवृत्त लोक पण होते. त्या बॉण्डच्या अटीतच लिहिलं होतं की बँक अडचणीत आली तर हे शून्य होऊ शकतात. अटी वाचतो कोण?

आणि ठेवीचा विमा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, एका माणसाला एका बँकेत व्याजासकट ५ लाखापर्यंत विम्याचं कवच आहे, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी ते १ लाख होतं. पतसंस्थेला ते नाही, बॉण्डलाही नाही. ६ लाख असतील तर दोन बँकेत ठेवा, साधी गोष्ट.

मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या लागवडीचे, रोपं, खतं, ठिबकची डागडुजी, एवढे पैसे आधी बाजूला काढले असते. त्यातले काही महिने न लागणारे ट्रेझरी बिलात टाकता येतात, सरकारचीच असतात, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची, व्याज वेगळं मिळत नाही, समजा ९८ रुपये ६० पैशाला घेतलं तर मुदतीला १०० येतात. लग्नाचे पैसे एफडीत किंवा तीन वर्षात संपणाऱ्या सरकारी रोख्यात, कारण लग्नाची तारीख गुरुजी काढतो, बाजाराला विचारून काढत नाही. आणि एवढं करून वर काही उरलं आणि अ‍ॅपवाल्याचा बॉण्ड घ्यायचाच असेल तर तो प्लॅटफॉर्म सेबीकडे रजिस्टर आहे का बघा, असे बरेच बॉण्ड आता १० हजारापासून मिळतात, एखादा घेऊन बघा, वर्षभर व्याज कसं येतं अनुभव घ्या.

प्रश्न : मी शिरपूरचा, वय २४. ऑप्शनमध्ये ८० हजार गेले. टेलिग्रामवर एक सर आहेत, ते म्हणतात आणखी ५० टाका, एका एक्स्पायरीला रिकव्हर करून देतो. आत्ते काय करू भो?

उत्तर : ग्रुप सोड. आज. सेबीने २०२४ मध्ये मागच्या तीन वर्षांचा हिशोब काढला, एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन, मध्ये उतरलेल्या साध्या लोकांपैकी १०० मधले ९३ तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तुझे ८० हजार त्याच ढिगातले आहेत, तू काही एकटा बावळट नाहीस. सरांना त्यांचा सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर विचार, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो, आणि सेबीच्या साईटवर स्वतः टाकून बघ, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर नको. रजिस्टर असलेल्या माणसाला सुद्धा परताव्याची हमी द्यायची परवानगी नाही. आणि पैसे कुणाच्या पर्सनल खात्यावर किंवा क्यूआरवर टाकले असशील तर ते ट्रेडिंग नाहीच, ती फसवणूक, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन कर, जितक्या लवकर करशील तितकी पैसे अडवायची आशा. घरी सांगितलं नसशील तर तेही सांग, बाबा ओरडतील, दोन दिवस.

प्रश्न : अमळनेरहून लिहितोय. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तीन कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं निघाली. विप्रोची नाहीत, ती त्यांनी विकून मळ्यात विहीर खोदली होती, आजी अजून त्यावरून बोलते. आजोबा जाऊन १२ वर्षं झाली. या कागदांचं काही होईल का? एक एजंट ३० टक्के मागतोय.

उत्तर : अमळनेरच्या माणसाने असं काही लिहिलं की मला हसूच येतं, कारण १९४५ मध्ये तुमच्या गावात वनस्पती तुपाची गिरणी म्हणून निघालेल्या विप्रोच्या शेअरच्या गोष्टी तिथे प्रत्येक ओट्यावर आहेत. ज्यांनी धरून ठेवले त्यांच्या आपण ऐकतो. ज्यांनी विकून विहीर खोदली, पोरं शिकवली, त्यांच्या कोणी सांगत नाही. आजीला म्हणा, विहिरीचं पाणी पण हिशोबात धर.

कागदांचं होऊ शकतं. आधी एक्सचेंजच्या साईटवर तिन्ही नावं शोधा, कंपनी चालू आहे, दुसरीत विलीन झाली, नाव बदललं की बंद पडली. बंद असेल तर ते सर्टिफिकेट फ्रेमला चांगलं दिसेल. चालू असेल तर कंपनीच्या साईटवर रजिस्ट्रार म्हणजे आरटीएचा पत्ता असतो, फोलिओ नंबर टाकून त्यांना लिहा आणि आज किती शेअर आहेत, मधे बोनस-स्प्लिट काय झाले ते विचारा. कागदावर ५० लिहिलेत म्हणून ५० च आहेत असं समजू नका.

सात वर्षं सलग डिव्हिडंड कोणी उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ कडे, म्हणजे कोणी न मागितलेले शेअर-डिव्हिडंड सांभाळणाऱ्या निधीकडे, गेलेले असतात. गेले म्हणजे बुडाले नाहीत, वारसाला परत मागता येतात, त्यासाठी आयईपीएफ-५ नावाचा ऑनलाईन फॉर्म आहे आणि त्याला फी नाही. तिकडे गेले नसतील तर आरटीएकडे 'ट्रान्समिशन', म्हणजे शेअर वारसाच्या नावावर, करायचं, मृत्यूचा दाखला, वारसांचे पॅन-आधार, बाकीच्या वारसांची लेखी संमती, रक्कम मोठी असेल तर मृत्युपत्र किंवा वारसा दाखला. एका कंपनीतले कागदी शेअर ५ लाखापर्यंतचे असतील तर कागदपत्रं जरा सोपी आहेत. शेअर परत येतील ते डीमॅट खात्यातच, त्यामुळे ते आधी उघडून ठेवा. आत्या, काका सगळ्यांना आत्ताच सांगा, नंतर कळलं की सह्या मिळत नाहीत, हे मी बँकेत फार बघितलंय.

वेळ लागेल, पत्रं परत येतील, नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून अ‍ॅफिडेव्हिट मागतील. एजंटाला ३० टक्के द्यायच्या आधी स्वतः एक पत्र टाकून बघा, त्यातलं निम्मं काम तेवढ्यानेच होतं. आणि मूळ सर्टिफिकेट त्याच्या हातात देऊ नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. लॅमिनेट तर अजिबात करू नका, मागच्या बाजूला शिक्के असतात आणि मूळ कागद तिकडे पाठवावा लागतो. एकाने माझ्याकडे असाच चकचकीत करून आणला होता, आम्ही दोघं नखाने प्लॅस्टिक सोलत बसलो.